सांगलीच्या सावलीतला भुईचाफा: छोट्या हॉस्टाऐवजी काय लावावे आणि कसे

घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत, आंब्याच्या सावलीत, मी ‘ब्लू माउस इअर्स’ नावाच्या छोट्या हॉस्टाचे एक रोप लावले होते. हॉस्टा म्हणजे थंड प्रदेशांत सावलीच्या बागेत सुंदर पानांसाठी लावतात ती वनस्पती. पहिल्या वर्षी त्याला अकरा पाने आली, दुसऱ्या वर्षी पाच आणि तिसऱ्या वर्षी दोन, तीही करंगळीच्या नखाएवढी. माती बदलली, कुंडी बदलली, पाणी कमी-जास्त करून पाहिले. रोपाला रोग नव्हता, कीड नव्हती. ते जागरणाने झिजत होते.

हॉस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. तिकडे तो हिवाळ्यात पाने टाकून जमिनीखाली झोपतो, आणि ही झोप पुरी होण्यासाठी सुमारे सहाशे ते सातशे तास ५ अंश सेल्सिअसच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी लागते, असा हॉस्टा वाढवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. सांगलीत ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा दहा अंशांच्या वरच असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, पण अशा चार पहाटांनी सहाशे तास भरत नाहीत. झोप न मिळालेला हॉस्टा वसंतात मुळांतल्या शिलकीवर पाने काढतो, पुढच्या वर्षी ती शिल्लक कमी होते आणि दोन-तीन वर्षांत खाते बंद होते.

म्हणून प्रश्न उलट बाजूने विचारावा. सावलीत वाढणारी, सुंदर पानांची, बुटकी आणि वर्षातून काही महिने झोपणारी अशी कोणती वनस्पती आहे, जिची झोप थंडीवर नव्हे तर कोरडेपणावर अवलंबून आहे? कारण कोरडेपणा आपल्याकडे मुबलक आहे. सांगलीकराला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. हळदीचा पाला वाळला की कंद पक्व झाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हळदीच्याच कुळातला भुईचाफा आणि त्याची भावंडे नेमके हेच वेळापत्रक पाळतात, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण भागात, जिथे हॉस्टा नीट टिकत नाही, तिथले बागप्रेमी या गोतावळ्याला ‘दक्षिणेचा हॉस्टा’ म्हणूनच ओळखतात.

योगायोग असा की या दोन्ही वनस्पतींचा दुवा एकाच माणसापाशी जुळतो. एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य १६९० ते १६९२ या काळात जपानात होता. हॉस्टाचे वर्णन युरोपीय वाचकांपुढे प्रथम त्याने १७१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून ठेवले. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने त्याच्या स्मरणार्थ एका प्रजातीला नाव दिले, ते मात्र हॉस्टाच्या नव्हे, भुईचाफ्याच्या. भुईचाफ्याचे शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा आहे ते यामुळे.

तीन भावंडे

केम्फेरिया रोटुंडा, म्हणजे आपला भुईचाफा, या तिघांत सर्वांत उंच असतो. त्याची पाने उभी, फूट-दीड फुटापर्यंत वाढणारी, वरून गडद हिरव्यावर रुपेरी पट्ट्यांची आणि खालून जांभळट असतात. फुले मात्र पानांच्या आधी, एप्रिल-मेच्या कोरड्या मातीतून थेट वर येतात. देठ नाही, पान नाही, नुसते पांढरे-जांभळे सुगंधी फूल जमिनीवर ठेवल्यासारखे दिसते.

केम्फेरिया गलंगाची पाने गोलसर असून जमिनीला अक्षरशः चिकटून पसरतात. त्याच्या कंदाला कापरासारखा वास असतो आणि केरळात ‘कच्चोलम’ या नावाने त्याची लागवड होते. केम्फेरिया पुल्क्रा हा थायलंड-म्यानमारकडचा. तो वीतभर उंचीचा असून त्याच्या पानांवर तपकिरी आणि चंदेरी नक्षी असते, मोराच्या पिसासारखी. छोट्या हॉस्टाची हौस भागवायची असेल तर खरा पर्याय पुल्क्राच आहे. पावसाळाभर तो रोज एखाद-दोन फिकट जांभळी फुले देतो आणि ती संध्याकाळपर्यंत मावळतात. माझ्या मांडणीत पुढे गलंगा, मध्ये पुल्क्रा आणि मागे भुईचाफा असतो. भुईचाफा पुढे लावण्याची चूक मी एकदा केली आहे. ऑगस्टमध्ये मागचे काहीच दिसेनासे झाले.

सावली आधी मोजावी

बागकामाची बहुतेक पुस्तके दूर उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली असतात आणि त्यांत उत्तरेकडची भिंत म्हणजे कायमची सावली, असे ठाम विधान असते. ते सांगलीला लागू पडत नाही. आपण साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. या तीन महिन्यांत घराची सावली दक्षिणेकडे सरकते आणि ज्या उत्तर भिंतीच्या पायथ्याशी आपण नाजूक पानांची रोपे ठेवलेली असतात, तिथे ऊन पोहोचते. जूननंतर ढग असतात म्हणून ते जाणवत नाही. मेमध्ये मात्र कोवळा कोंब एका दुपारीत करपतो. मी पहिल्या वर्षी याच कारणाने सगळे पुल्क्रा गमावले आणि दोष नर्सरीला देत राहिले.

यावर उपाय दोनच आहेत. एक, वरून झाडाची सावली असलेली जागा निवडावी. आंबा, फणस किंवा चिकू बारमाही पानांचे असल्याने उत्तम ठरतात. कडुनिंब आणि देशी बदाम यांची पाने हिवाळ्याच्या शेवटी गळतात, पण मेपर्यंत ती परत येत असल्याने तीही चालतात, कारण मधल्या काळात आपले कंद झोपलेलेच असतात. शेवग्याची सावली फार विरळ पडते. दुसरा उपाय म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी आणि नंतर काढून टाकावी. ती वर्षभर तशीच ठेवली तर पावसाळ्याच्या अंधारात पाने लांबट आणि फिकी होतात.

जागा निश्चित करण्यापूर्वी मे महिन्यातल्या एका निरभ्र दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन वाजता तिथे जमिनीपासून हातभर अंतरावर तळहात धरून पाहावा. सावलीची कड धारदार दिसली तर तिथे थेट ऊन आहे, कड पुसट असेल तर गाळलेला प्रकाश आहे आणि सावलीच उमटत नसेल तर जागा दाट सावलीची आहे. सकाळी नऊपर्यंत धारदार आणि नंतर पुसट, ही या रोपांसाठी सर्वांत चांगली स्थिती होय.

डोण, कुंडी आणि माती

वीतभर उंचीचे रोप पायाशी लावले तर कोणी वाकून पाहत नाही, हे छोट्या हॉस्टाच्या शौकिनांकडून शिकण्यासारखे आहे. ते ही रोपे उथळ दगडी पात्रांत, कमरेच्या उंचीवर ठेवतात. आपल्याकडे गोठे बंद पडल्यामुळे जनावरांच्या पाण्याच्या जुन्या दगडी डोणी वाड्या-वस्त्यांवर कोपऱ्यात पडून असतात. त्यातली एखादी मिळाली तर तिच्यासारखे पात्र दुसरे नाही, कारण दगड मेमध्येही आतली माती थंड ठेवतो. मात्र डोण पाणी धरण्यासाठीच घडवलेली असते, तेव्हा तळाला किमान तीन-चार भोके पाडून घ्यावीत. दगडफोड्याने एकाच जागी जोर लावला तर तळ तडकतो. ड्रिलने, पाणी ओतत, सावकाश काम करायला सांगावे. डोण न मिळाल्यास बारा इंच रुंद आणि आठ इंच खोल मातीची कुंडी पुरते. डोण असो की कुंडी, ती विटांवर ठेवावी. थेट जमिनीवर ठेवल्यास आंब्याची बारीक मुळे तळाच्या भोकांतून वर शिरतात आणि दोन वर्षांत निम्मी माती त्यांच्या ताब्यात जाते.

एक सूचना कृष्णाकाठच्या वाचकांसाठी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात माझी डोण पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर वर बोटभर गाळ होता आणि आठवडाभरात खालचे कंद लगदा झाले होते. पूररेषेच्या आत राहणाऱ्यांनी निदान प्रत्येक जातीची एक कुंडी उचलून गच्चीवर नेता येईल अशी ठेवावी.

मातीबाबत तडजोड करू नये. मळईची काळी माती उसाला आणि शेतातल्या हळदीला चालते, कारण तिथे गादीवाफे असतात आणि मुळांना खोली मिळते. कुंडीत तीच माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून कंद उघडे पाडते. माझे प्रमाण असे आहे: दोन भाग लाल माती, दोन भाग पूर्ण कुजलेला आणि चाळलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू किंवा खडीचा बारीक चुरा आणि एक भाग गांडूळखत. बारा इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड मिसळावी. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे आणि बोटाने टिचकी मारावी. ते भुसभुशीत फुटले तर योग्य आहे, लाडू तसाच राहिला तर वाळू वाढवावी. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी वापरत नाही. ते पावसाळ्यात पाणी सोडत नाही आणि उन्हाळ्यात एकदा कोरडे पडले की पाणी घेत नाही.

बेणे आणि लागवड

कंद विकत घेण्याची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल ही आहे. पावसाळ्यात पानांसह विकायला ठेवलेली रोपे मोहक दिसतात, पण प्रवासात त्यांची मुळे दुखावतात आणि ती लवकर झोपी जातात. भुईचाफ्याचा कंद हातात घेतला की एक छोटा गड्डा आणि त्याला दोरीने बांधल्यासारखे लोंबणारे मण्यांएवढे पाणीदार गोळे दिसतात. हे गोळे म्हणजे मुळांत साठवलेला शिधा आहे. त्यांना डोळा नसतो. सुटे गोळे कितीही टपोरे असले तरी त्यांतून रोप येत नाही, तेव्हा केवळ तेच कोणी विकत असेल तर घेऊ नयेत. गड्ड्यावर किमान एक फुगीर डोळा हवा आणि दाबल्यावर तो कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागावा.

मोठा गड्डा तोडायचा असेल तर स्वच्छ सुरीने, प्रत्येक तुकड्यावर एक डोळा आणि दोन-तीन गोळे राहतील असा तोडावा. कापलेल्या जागी राख लावून तुकडे दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. हळदीच्या बेण्याला लावतात तशी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूड चोळली तर अधिक चांगले.

अक्षय्य तृतीयेला हळदीची लागण सुरू होते, तोच मुहूर्त इथेही पाळावा. डोळा वरच्या बाजूला ठेवून कंदावर तीन ते चार सेंटिमीटर माती येईल इतके खोल लावावे. भुईचाफ्याला वीतभर अंतर द्यावे, गलंगाला पंधरा आणि पुल्क्राला बारा सेंटिमीटर पुरतात. लावल्यावर एकदाच पाणी द्यावे आणि त्यानंतर माती केवळ दमट राहील एवढेच शिंपडावे. पान नसलेला कंद पाणी पीत नाही. त्याला पाजलेले पाणी त्याच्याभोवती साचून राहते. वर बोटभर जाडीचा उसाच्या पाचटाचा थर, बारीक तुकडे करून, पसरावा. पुल्क्रा आणि गलंगाच्या वर मात्र पाचट नको, कारण त्यांची पाने जमिनीलगतच उलगडतात आणि खाली ओल धरून राहिली तर सडतात. तिथे खडीचा चुरा पसरावा. त्याने पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि पाने स्वच्छ राहतात.

जुना कंद असेल तर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी माती किंचित उचललेली दिसते आणि तिच्यातून भुईचाफ्याची टोकदार कळी डोकावते. त्या वेळी वरून पाणी ओतू नये. फुलाचा गळा मातीच्या खालीच असतो आणि चिखल आत गेला की फूल उमलत नाही.

पावसाळा

पान दिसू लागल्यावर पाणी वाढवावे. सांगलीचा पाऊस सलग नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप सहज पडते आणि पावसाळा आहे म्हणून आपण पाणी द्यायला विसरतो. पानांच्या कडा आत वळू लागल्या म्हणजे उशीर झाला असे समजावे. जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेकदा प्रत्येक कुंडीला मूठभर गांडूळखत द्यावे. सप्टेंबरनंतर खत बंद करावे, नाहीतर झोपेच्या वेळी कोवळी पाने फुटत राहतात. पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये. एका जोरदार सरीत पुल्क्राची पाने चिखलात माखतात.

गोगलगाय हा या बागेचा खरा शत्रू आहे, हॉस्टाच्या बागेतही आणि आपल्याही. ती पान उलगडण्यापूर्वी, ते सुरळीत असतानाच आरपार कुरतडते. त्यामुळे पान उघडल्यावर त्यावर एका ओळीत, समान अंतरावर भोके दिसतात, जणू पंचिंग मशिनने पाडली आहेत. हे पाहून अनेकजण अळी समजून फवारणी करतात आणि ती वाया जाते. गोगलगायीसाठी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये अंथरावे आणि पहाटे उलटून खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे हे न चुकता केले तर पुढचे दोन महिने निवांत जातात. चुन्याची रेघ पावसात टिकत नाही. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या परिणामकारक असल्या तरी घरात कुत्रा, मांजर किंवा रांगते मूल असेल तर त्या आणूच नयेत.

हळद पिकवणाऱ्यांना कंदमाशी आणि कंदकूज वेगळ्या सांगायला नकोत. कंदमाशी उघड्या कंदाजवळ अंडी घालते, म्हणून ऑगस्टपासून पुढे मातीबाहेर डोकावणारा प्रत्येक कंद झाकत राहावे. शेतात भर लावतात तेच इथे ओंजळीने करायचे. कंदकूज झाल्यास पान कडेकडून पिवळे पडते, बुंधा मऊ होतो आणि ओढताच हातात येतो. असे रोप मातीसकट काढून टाकावे. औषधाने ते वाचवण्याच्या नादात शेजारची रोपेही जातात.

झोपू द्यावे

ऑक्टोबरच्या अखेरीस पाने पिवळी पडू लागतात. नवख्या माणसाला वाटते की रोप मरते आहे आणि तो पाणी, खत, औषध असा सगळा मारा सुरू करतो. इथे हात आखडता घ्यावा. पाणी आठवड्यातून एकदा करावे, आणि निम्मी पाने वाळल्यावर पूर्ण बंद करावे. हिरवे पान कापू नये. त्यातला रस अजून खाली उतरत असतो. वाळलेले पान हलक्या हाताने ओढल्यावर आपसूक सुटले की समजावे, डिसेंबर ते एप्रिल ही कुंडी आता पावसाच्या आणि नळाच्या पाण्यापासून दूर, सावलीत, कोरडी ठेवायची आहे. कंद उकरून काढण्याची गरज नाही. अवकाळी पाऊस पडण्याचा संभव असतो, म्हणून मी कुंड्या जिन्याखाली सरकवते आणि डोणीवर पत्र्याचा तुकडा तिरका ठेवते.

प्रत्येक कुंडीत पाटी लावावी, आणि ती घरातल्या इतरांना वाचता येईल अशी लावावी. माझ्या सासूबाईंनी एका फेब्रुवारीत ‘बिचाऱ्या कुंड्या कोरड्या पडल्यात’ म्हणून रोज तांब्याभर पाणी घातले होते. एप्रिलमध्ये उकरून पाहिले तर कंदांच्या जागी दुर्गंधी येणारी साले होती. तेव्हापासून माझ्या पाट्यांवर रोपाचे नाव लहान आणि ‘झोपले आहे, पाणी घालू नये’ हे मोठ्या अक्षरांत असते.

या पाच महिन्यांत जागा उघडी-बोडकी दिसते, हे खरे आहे. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी मध्ये-मध्ये वेगळ्या कुंड्यांत बुटके मोंडो गवत, पेपरोमिया किंवा नेचे ठेवावेत. ते त्याच डोणीत लावू नयेत, कारण त्यांना बारमाही पाणी लागते.

तीन वर्षांनी कुंडी कंदांनी भरते आणि पाने लहान होऊ लागतात. तेव्हा मार्चमध्ये सगळे उकरून, विभागून, नव्या मातीत लावावे. कापताना जुना, काळपट, मध्यभागचा गड्डा टाकून द्यावा आणि कडेचे तजेलदार तुकडे ठेवावेत.

हॉस्टाच हवा असेल तर

हट्ट सुटत नसेल तर फ्रिजचा मार्ग आहे. डिसेंबरमध्ये पाने पिवळी पडल्यावर रोप काढून मुळे धुवावीत, किंचित ओलसर लाकडी भुशात गुंडाळून भोके पाडलेल्या पिशवीत भरावीत आणि भाजीच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास ठेवावीत. फ्रिजमध्ये दिवसाचे चोवीस तास थंडी असते, त्यामुळे सातशे तास एका महिन्यात भरतात. मी तरी आठ आठवडे ठेवते. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकलेली केळी ठेवू नयेत, त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूने डोळे खराब होतात. फेब्रुवारीत बाहेर काढून लावल्यावर माझ्या त्या दोन पानांच्या रोपाला पुन्हा सहा पाने आली. मार्चअखेरपर्यंत ती निळसर, जाड आणि खरोखर उंदराच्या कानासारखी होती. एप्रिलच्या रात्री तापू लागल्यावर त्यांच्या कडा तपकिरी झाल्या, तेव्हा कुंडी मी घरातल्या मोरीजवळच्या खिडकीत आणून ठेवली. घरच्यांना मात्र दरवर्षी दोन महिने मेथीची जुडी बाहेर ठेवावी लागते, आणि त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावे लागते.